रांगेतली पाळी विकायला काढू नका

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

मंत्रिमहोदय,


वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरहून हे पत्र लिहिते आहे. मी शिक्षिका आहे. हिवाळ्यात शाळेची सहल निघते, तेव्हा पोरांची जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांत मीही असते. मोठ्या मनोरंजन उद्यानांत, ज्यांना आता सगळेच थीम पार्क म्हणतात, तिथे पाळण्यावर बसायचा नंबर कसा लागतो, कोणाचा आधी लागतो आणि ते कोण ठरवतं, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण लेकरांचा अख्खा दिवस त्यावर अवलंबून असतो, आणि गर्दी फार झाली तर जीवही.

तुमच्या खात्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणायचं उद्दिष्ट आहे. त्यातून नवी उद्यानं उभी राहतील, आणि ती राहावीत असंच मला वाटतं. सरकार त्यांना सवलती देईल. ती देताना एक अट आत्ताच घालून घ्या, एवढं मागणं घेऊन मी आले आहे. पाळण्याची पाळी पैशांवर वाटेल तेवढी विकता येणार नाही, आणि तिकीट काढून आत आलेल्या प्रत्येकाला गर्दीच्या पाळण्यासाठी वेळेची चिठ्ठी फुकट मिळेल, ही ती अट.

आमच्या गावात पाळणा ट्रकवर येतो. बिरबलनाथ महाराजांची यात्रा असो की दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचा उरूस, मैदानात लोखंडी सांगाडा उभा राहिला की पोरांचं वर्गात चित्त लागत नाही. त्या पाळण्यापुढे रांग अशी नसतेच, घोळका असतो. पाळणेवाला तिकिटं फाडतो, खुर्च्या भरल्या की फेरी सोडतो, उरलेले पुढच्या फेरीला. एखाद्या वजनदार माणसाचा नातू आला तर त्याला आधी बसवतात, असंही होतं. पण तेव्हा घोळक्यातून कोणीतरी मोठ्याने बोलतं आणि पाळणेवाल्याला ते ऐकून घ्यावं लागतं. पाळी मोडली तर ती मोडली, हे तिथे चारचौघांत म्हणता येतं.

वऱ्हाडातल्या एका पिढीसाठी मोठं उद्यान म्हणजे शेगावचं आनंद सागर. गजानन महाराज संस्थानाने उभं केलेलं, तळ्याकाठचं, आत छोटी रेल्वे असलेलं. आमच्या भागातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यातली पहिली सहल तिथलीच. मध्यंतरी ते काही वर्षं बंद होतं, नंतर त्यातला काही भाग पुन्हा उघडला. दरम्यान समृद्धी महामार्ग झाला. आमच्याच तालुक्यातल्या शेलूबाजारजवळ त्यावर चढता-उतरता येतं, आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईकडचं आमणे हा सगळा ७०१ किलोमीटरचा पट्टा खुला आहे. रस्ता झाला तशा पोरांच्या मागण्याही लांब गेल्या. खोपोलीजवळचं इमॅजिका, लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वेट अँड जॉय, नागपूरजवळचं फन अँड फूड व्हिलेज ही नावं आता पाचवीतल्या पोरांनाही पाठ असतात. मोबाइलवर त्यांनी तिथले सगळे पाळणे आधीच पाहिलेले असतात.

सहलीचे पैसे कसे जमतात, हे मी सांगितल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. सोयाबीन विकलं गेलं की काही पालक एकरकमी देतात. काहींचे हप्ते असतात. काही घरांत दोन लेकरांपैकी एकालाच पाठवायचं ठरतं, आणि ते कोणाला, यावरून घरात रडारड होते. एसटी महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देतं, म्हणून हे जमतं तरी. मंगरूळपीरहून खोपोली पाचशे किलोमीटरच्या वर. एवढं करून लेकरू दारात पोहोचतं, तेव्हा त्याच्या हातात उणेपुरे सात-आठ तास असतात. मुंबई-पुण्याच्या पोराला पुढच्या सुट्टीत परत येता येतं. आमच्या पोराचा हा एकच दिवस.

अशा एका दिवसाची गोष्ट सांगते. उद्यानाचं नाव घेत नाही, कारण ही पद्धत एकाच ठिकाणची नाही. सगळ्यात मोठ्या पाळण्याची रांग होती. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी नळ्यांमधून ती वळसे घेत होती. आमची पोरं त्यात बराच वेळ उभी. वर चढून गेल्यावर जिथे बसायला सोडतात, तिथे शेजारून दुसरी एक वाट येऊन मिळत होती. त्या वाटेने येणाऱ्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी. दोन्ही वाटा मिळतात तिथे विशीतला एक कर्मचारी साखळी धरून उभा होता. पट्टीवाले आले की तो आमची साखळी लावायचा आणि त्यांची काढायचा. ते संपले की आमच्यातले चार-सहा सोडायचा. तेवढ्यात पुन्हा पट्टीवाले यायचे. त्या पोराचा दोष नव्हता, त्याला जे सांगितलं होतं ते तो करत होता. उलट आमच्या पोरांकडे बघणं तो टाळत होता, हे मला दिसत होतं.

आमच्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, ते तं आपल्या मांगून आले ना, मंग पयले काऊन जाऊन राह्यले?"

त्यांनी जास्तीचे पैसे भरलेत, असं मी सांगितलं.

"मंग आपण जे देल्ले, त्या पैशाचं काय झालं?"

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर गणितात आहे, आणि ते उद्यानवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. समजा, पाळण्याच्या गाडीत २४ जागा आहेत आणि तासाला २० फेऱ्या होतात. म्हणजे तासाला ४८० माणसं बसतात. यात वाढ करायची तर दुसरी गाडी आणावी लागते किंवा चढणं-उतरणं भराभर करावं लागतं. दुसरा उपाय नाही. साध्या रांगेत ४८० जण असतील आणि सगळ्या जागा त्यांच्याच असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर तासाभराने लागतो. आता निम्म्या जागा पट्टीवाल्यांना दिल्या, तर त्याच माणसाला दोन तास लागतात. चारातल्या तीन दिल्या, तर चार तास. पट्टीवाल्याचा जो वेळ वाचला, तो उद्यानाने स्वतःच्या खिशातून दिलेला नाही. साध्या रांगेतल्या माणसाचा वेळ कापून तो विकलेला आहे, आणि ज्याचा कापला त्याला कोणी विचारलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या पैशांचं झालं ते हे.

रांग मुळातच टाळता येणार नाही का, असं कोणी म्हणेल. रांगेचं शास्त्र आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या कॉलचा हिशेब मांडताना त्याचा पाया घातला. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, हा साधा दिसणारा नियम १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केला. आणि १९८५ मध्ये डेव्हिड माइस्टर यांनी थांबणाऱ्याच्या मनाबद्दल लिहिलं. किती थांबायचं ते माहीत नसलं की वेळ लांबतो, हाताला काम नसलं की लांबतो, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की फारच लांबतो. वर्गाबाहेर उभं केलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तो हेच सांगेल.

वेळेच्या चिठ्ठीची युक्तीही नवी नाही. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या उद्यानांत १९९९ मध्ये ती सुरू झाली. पाळण्याजवळच्या यंत्रात प्रवेशाचं तिकीट घालायचं, यंत्रातून चिठ्ठी यायची. अमुक वाजल्यापासून तासाभरात या, असं तिच्यावर छापलेलं असायचं. तोवर जेवा, फिरा, लहान पाळण्यांत बसा. महत्त्वाचं म्हणजे ती फुकट होती आणि तिकीट असलेल्या प्रत्येकाला मिळायची. पुढे ती कागदावरून मनगटावर आणि मोबाइलवर गेली. कोरोनाच्या काळात बंद पडली आणि परत आलीच नाही. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. मला खटकतं ते असं, की आपल्याकडच्या उद्यानांनी पाहिलं ते या गोष्टीचं शेवटचं पान. पहिल्या वीसेक वर्षांतली फुकटची चिठ्ठी माझ्या पाहण्यात कुठे आली नाही, पैशांचा जलद पास मात्र आला. टोकियोच्या डिस्ने उद्यानात आजही पैशांचा पास आहे, पण त्याच्या जोडीला २०२३ पासून काही पाळण्यांसाठी फुकटची वेळेची चिठ्ठीही त्यांनी सुरू केली. दोन्ही एकत्र चालू शकतात, हे त्यावरून दिसतं.

चिठ्ठी म्हणजे जादू आहे, असा माझा दावा नाही. चिठ्ठीने रांग दिसेनाशी होते, संपत नाही. चिठ्ठी घेतलेला माणूस नळ्यांमध्ये उभा नसतो, पण त्याची जागा धरलेलीच असते. तो दुसऱ्या पाळण्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो, म्हणून तिथली रांग वाढते. सकाळी अकरालाच दिवसभराच्या चिठ्ठ्या संपल्या तर दुपारी आलेल्याला काहीच उरत नाही. म्हणून सगळ्या जागा चिठ्ठीला देऊ नयेत, काही साध्या रांगेला राखाव्यात, आणि चिठ्ठ्या दिवसभर थोड्या थोड्या सोडाव्यात. हे सगळं करून पाहिलेल्या लोकांचं शहाणपण आहे. ते उचलायला पैसे पडत नाहीत.

दुसरा धोका मोबाइलचा. २०१९ च्या डिसेंबरात फ्लोरिडात एक नवा पाळणा सुरू झाला. त्याचा नंबर मोबाइलवर लावायचा होता आणि दिवसभराच्या जागा सकाळी काही मिनिटांत संपायच्या. रेल्वेचं तत्काळ तिकीट ज्याने कधी काढलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. घड्याळाच्या ठोक्याला ज्याचं बोट आधी पडतं आणि ज्याचं इंटरनेट चांगलं त्याचं काम होतं, बाकीच्यांना दलाल गाठावा लागतो. आमच्या पोरांकडे सहलीत मोबाइल नसतो, शाळाच आणू देत नाही. शिक्षकाच्या एका फोनवर अख्ख्या गाडीची नावं चढवायची तर पहिले दोन तास त्यातच जातात. कोरोनानंतर १६ नोव्हेंबर २०२० ला मंदिरं उघडली, तेव्हा शेगावला दर्शनासाठी ई-पास लागत होता. त्या काळात तो असणं योग्यच होतं. पण खेड्यातली म्हातारी माणसं पास काढायला कोणाकोणाच्या दारात जात होती, ते आम्ही पाहिलं आहे. म्हणून चिठ्ठी कागदाची हवी, आणि ती खिडकीवर माणसाच्या हातून मिळायला हवी. मोबाइलवर ज्याला सोयीचं वाटेल त्याने तिथे घ्यावी.

आणि खिडकी एकच नको. ८ जानेवारी २०२५ ला तिरुपतीत वैकुंठद्वार दर्शनाची टोकनं घ्यायला लोक जमले होते, आणि त्या गर्दीत चेंगरून सहा जण गेले. मंदिराच्या दारात झालं नाही ते टोकन वाटण्याच्या जागी झालं. गर्दी टाळायला आणलेल्या चिठ्ठीचीच गर्दी होऊ शकते, हे ज्याच्या डोक्यात नाही त्याने चिठ्ठी वाटूच नये.

महाराष्ट्राला रांग शिकायला फ्लोरिडाला जायची गरज नाही. पंढरपूरची दर्शनबारी बघा. आषाढीला पत्राशेडच्या पलीकडे जाणाऱ्या त्या रांगेत लोक दिवस-दिवस काढतात. त्यात शेतकरी असतो, मास्तर असतो, दुकानदार असतो. कोण किती शिकलेला आणि कोणाची किती जमीन, हे त्या रांगेत कळत नाही. तिथेही मागच्या दाराने जाणारे होतेच, म्हणून आषाढीच्या दिवसांत व्हीआयपी दर्शन बंद ठेवण्याचा निर्णय झाला. २०२५ च्या जूनमध्ये तिथे टोकन दर्शनाची चाचणी घेतली. वेळ ठरवून द्यायची, तोवर माणसाला मोकळं सोडायचं. देवाच्या दारात आपण ज्या दिशेने चाललो आहोत त्याच्या उलट दिशेने उद्यानांच्या दारात का जावं?

शेगावची रांग तर आमच्या रोजच्या ओळखीची. त्या रांगेत उभं राहणं मला कधी शिक्षा वाटलेलं नाही. पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी येतो, हात जोडतो, "चला माउली" म्हणतो, आणि आवाज न चढवता शंभर माणसं पुढे सरकतात. डोक्यावर पंखा असतो. टेकायला जागा असते. प्यायला पाणी मिळतं. म्हाताऱ्या माणसाला कोणी ढकलत नाही, कारण पुढे काय आहे आणि साधारण किती वेळ लागेल हे त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. माइस्टर यांनी जे पुस्तकी भाषेत मांडलं ते या सेवेकऱ्यांना न वाचता येतं. शिवशंकरभाऊ पाटलांनी उभी केलेली ही शिस्त बघायला तुमच्या खात्याने उद्यानांच्या व्यवस्थापकांना एकदा शेगावला पाठवावं, असं मी गंभीरपणे सुचवते. तिकिटाचे हजार-दीड हजार घेणाऱ्या जागी पोरं उन्हात उभी असतात आणि पाणी विकत घ्यावं लागतं. जिथे एक रुपया लागत नाही तिथे पाण्याचा ग्लास हातात मिळतो. दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातच आहेत.

किती माणसं आत घ्यायची, हा प्रश्न तर रांगेच्याही आधीचा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली आणि वेळेचे तीन भाग पाडून दिले, कारण फुलं तुडवली जात होती. ताडोब्यात एका फेरीला कोणत्या गेटवरून किती जिप्सी सोडायच्या हे ठरलेलं असतं, कारण वाघाला त्रास होऊ नये. हे योग्यच आहे. फुलांना आणि वाघाला आपण जी मर्यादा लावली ती लेकरांच्या जागेलाही लावा. उद्यानातल्या सगळ्या पाळण्यांची तासाची एकूण क्षमता मोजता येते. त्या हिशेबात प्रत्येकाला दिवसात निदान चार-पाच मोठे पाळणे मिळतील एवढीच तिकिटं विकावीत. नाताळच्या आठवड्यात दाराबाहेर फलक लावावा, आज जागा भरली. आमची गाडी शंभर किलोमीटर अलीकडे असतानाच ते कळलं तर आम्ही वाट बदलू. आत गेल्यावर कळलं तर पैसेही गेले आणि दिवसही.

मर्यादा न लावल्याने काय होतं हे या राज्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला सुमारे तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि खालून वर येत राहणारी माणसं. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण गेले. आणि तुमच्या खात्याच्या अगदी जवळची गोष्ट, १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. चौरस मीटरमागे पाच-सहा माणसं झाली की गर्दीतल्या कोणाचाही स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही, मग गर्दी पाण्यासारखी जिकडे वाट मिळेल तिकडे लोटते. थीम पार्कच्या नळ्यांमध्ये अडकलेल्या रांगेला बाहेर पडायला मधे दार नसेल, तर तिथेही असं होऊ शकतं. रांगेत चक्कर आलेल्या मुलीला नळ्यांखालून वाकत बाहेर काढावं लागलं, हे मी केलेलं आहे. दर वळणावर उघडता येणारं एक फाटक असलं की पुरे.

उद्यानवाल्यांची बाजू मला समजते. जमीन, यंत्रं, विमा, वीज, सगळं महाग. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी पाळणे रिकामे फिरतात. काही पैसेवाल्यांनी जास्त दिले म्हणून बाकीच्यांचं तिकीट स्वस्त राहतं, असंही ते म्हणतील. हे काही अंशी खरं असेल. मग मंगळवारचं तिकीट आणखी स्वस्त करा, शाळांना मधल्या वारी बोलवा, आम्ही आनंदाने येऊ. रांगेत एकट्या माणसासाठी वेगळी छोटी वाट ठेवा. काळीपिवळीवाला जसा "एक सीट, एक सीट" म्हणत शेवटची जागा भरल्याशिवाय गाडी हलवत नाही, तशी पाळण्यातली रिकामी जाणारी जागा भरा. तासाला तेवढी माणसं फुकट वाढतात. आणि जलद पास विकायचाच असेल तर विका, पण दहा जागांतली एक. साध्या रांगेतल्या माणसाला आत शिरतानाच कळू द्या की या पाळण्यात किती जागा कोणासाठी आहेत. २०१८ च्या जानेवारीत उद्यानांच्या प्रवेशावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला गेला. धोरणातून सवलती मिळतात त्या वेगळ्या. जनतेकडून एवढं घेतल्यावर दहातल्या नऊ जागा जनतेच्या रांगेला ठेवा म्हणणं जास्तीचं नाही.

एक छोटी गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. उंची मोजायची पट्टी. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते आणि ती असायलाच हवी, तिथे तडजोड नको. पण ती पट्टी रांगेच्या शेवटी, चढायच्या जागी लावलेली असते. आमच्यातलं एक पोरगं अख्खी रांग उभं राहून वर पोहोचलं, भिंतीला पाठ लावून ताठ झालं, टाचाही उचलून पाहिल्या. दोन बोटं कमी भरलं. त्याला जिना उतरून एकट्याला खाली यावं लागलं, वर्गातले सगळे वर. खाली त्याच्यासोबत मी उभी होते. तो काही बोलला नाही, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिला. तीच पट्टी रांगेच्या तोंडाशी असती तर तो तेवढ्या वेळात दुसऱ्या दोन पाळण्यांत बसून आला असता. यासाठी ना गुंतवणूक लागते ना संगणक. भिंतीवरचा एक खिळा काढून दुसऱ्या भिंतीवर ठोकायचा आहे.

ज्या लेकराला पाय किंवा श्वास साथ देत नाही, फार वेळ उभं राहता येत नाही, त्याच्यासाठी वेळेची चिठ्ठी ही गरज आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. त्या लेकराच्या सोयीचा पास आणि श्रीमंताचा पास एकाच खिडकीवर एकाच भावात मिळणं, हे बघवत नाही.

तर माझं म्हणणं असं, की पर्यटन संचालनालयाने सवलत देताना उद्यानाकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. प्रत्येक पाळण्याची तासाची क्षमता आणि त्या घडीचा थांबण्याचा वेळ मराठीत फलकावर दिसेल. गर्दीच्या पाळण्यांसाठी कागदाची फुकट चिठ्ठी एकाहून जास्त खिडक्यांवर दिवसभर मिळत राहील. पैशांच्या पासाला दहातल्या एका जागेहून जास्त जाणार नाहीत. पाळणा बिघडला तर ज्यांची वेळ चुकली त्यांना दुसऱ्या पाळण्याची चिठ्ठी दिली जाईल, ताटकळत ठेवलं जाणार नाही. सुरुवात नव्या उद्यानांपासून करा, जुन्यांना एक हिवाळा द्या. आणि पाळलं जातंय की नाही हे बघायला माणूस पाठवा तो नाताळातल्या शनिवारी पाठवा, आणि त्याला साध्या रांगेत उभं करा.

या कामासाठी खात्याने समिती नेमली, तर तिच्यात उद्यानांचे मालक आणि अधिकारी असतीलच. त्यांच्याबरोबर शाळेची सहल नेणारा एक शिक्षक घ्या, यात्रेत पाळणा लावणारा एक पाळणेवाला घ्या, आणि शेगावच्या रांगेत उभं राहून लोकांना पुढे नेणारा एक सेवेकरी घ्या. या तिघांना बोलावलं तर प्रवासखर्चाचीही अडचण पडणार नाही, एसटीने येतील. आमच्याकडे सहलीच्या परवानगीचे कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर फिरू लागतात. कुठे जायचं हे ठरवण्याआधी तुमच्याकडून उत्तर आलं तर पालकसभेत ते वाचून दाखवता येईल.

आपली नम्र,
मंगरूळपीरची एक शिक्षिका